स्वस्ताईचे ऋण

गेल्या पावसाळ्यात घरभेटींसाठी मी आमच्या धर्मग्रामातील एका वस्तीवर गेलो होतो. दोन खोल्यांचे घर, वर पत्रे, भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. तसबिरीखालच्या कोनाड्यात मेणबत्ती, जपमाळ आणि त्यांच्याशेजारी एक लाकडी वस्तू ठेवलेली होती. हाताळून हाताळून तिचे लाकूड काळे नि गुळगुळीत झाले होते. ती काय आहे असे मी विचारले. घरातील आजी म्हणाल्या, "फादर, ती माझ्या सासऱ्याची. दोराला पीळ द्यायची फिरकी."

बलुतेदारीच्या व्यवस्थेत मातंग समाजाच्या वाट्याला दोरखंडाचे काम आले होते. अंबाडी आणि घायपात पाण्यात कुजवायची, झोडपून तिचा वाख काढायचा, आणि त्यातून बैलांची दावी, कासरे, मोटेचा नाडा, शिंकी वळायची. हे काम दिसते तितके सोपे नाही. पीळ कमी पडला तर दोर उसवतो, जास्त झाला तर गाठाळतो. विहिरीच्या काठावर बैलांच्या जिवाची मदार त्या पिळावर असे. आजींचे सासरे या कामात पंचक्रोशीत नावाजलेले होते. पुढे विजेचे पंप आले, मोटा गेल्या. बाजारात नायलॉनचा दोर आला. तो हलका, स्वस्त आणि न कुजणारा होता. एका पिढीत फिरकी कोनाड्यात जाऊन बसली.

आजींचा नातू जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, भंगार वितळवून सळया ओढणाऱ्या एका कारखान्यात कामाला आहे. शिकलेला, वाचणारा मुलगा. तो म्हणाला, "फादर, शाळेत आम्हाला शिकवलं की इंग्रजांनी इथल्या कारागिरांना बुडवलं. पण माझ्या पणजोबांना तर इंग्रजांनी बुडवलं नाही. नायलॉनचा दोर आमच्याच गावच्या लोकांनी विकत घेतला. आमच्या घरातही तोच आहे. मग दोष कुणाचा?"

मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "दोष कशाचा रे? गेलं ते बरं झालं. दोर वळून द्यायचा आन् भाकरीसाठी लोकांच्या दारात, अंगणाच्या बाहेर उभं राहायचं. तुझ्या पणज्याच्या हातात कला व्हती, पर त्याला घरात कुणी घेत नव्हतं."

नातू गप्प झाला. मीही गप्प झालो. मात्र परतीच्या वाटेवर त्या दोघांची वाक्ये माझ्या मनात एकमेकांशी झगडत राहिली. नातवाचा प्रश्न न्यायाचा होता आणि आजीचे उत्तरही न्यायाचेच होते. या दोहोंचा मेळ कसा घालावा? प्रस्तुत लेख हा त्या न दिलेल्या उत्तराचा प्रयत्न आहे.

आपल्या जालना जिल्ह्याच्या उत्तरेस, भोकरदन–जाफराबादच्या परिसरात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सैन्याची गाठ ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्याशी पडली. कंपनीचा सेनापती होता चौतीस वर्षांचा आर्थर वेलस्ली. नदीला उतार कोठे आहे हे त्याला कोणी सांगेना. तेव्हा समोरासमोरच्या काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे त्याने पाहिली आणि तर्क केला की, दोन गावे अशी जवळ वसलेली असताना त्यांच्यात जाण्यायेण्याची वाट असणारच. तर्क खरा ठरला. शेतकऱ्यांच्या आणि गुराख्यांच्या रोजच्या पायवाटेवरून साम्राज्याने नदी ओलांडली.

त्या लढाईत शिंद्यांच्या बाजूस शंभराच्या आसपास तोफा होत्या. त्यांपैकी पुष्कळशा उत्तर हिंदुस्थानातील ओतशाळांत, मुख्यत्वे आग्र्याला, युरोपीय उस्तादांच्या देखरेखीखाली पण येथल्याच कारागिरांच्या हातांनी ओतलेल्या होत्या. आपल्या वाचकांस ठाऊक नसेल, पण सरधन्याच्या कॅथोलिक बेगम समरू यांच्या पलटणीही त्या दिवशी शिंद्यांच्या बाजूने असईत होत्या. इंग्रजांचे सुमारे सोळाशे लोक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. एवढ्या लहान सैन्याच्या मानाने ही हानी भयंकर होती. गोलंदाज तोफांपाशीच मरून पडले. तोफा मात्र जिंकणाऱ्याच्या हाती गेल्या. ओतणाऱ्याच्या हाताचे कसब निर्दोष होते, तरी ते त्याला वाचवू शकले नाही. एखाद्या देशाचे कारागीर उत्तम असूनही तो देश हरू शकतो, हा असईचा पहिला धडा.

हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. १८१५ साली वॉटर्लूला त्याने नेपोलियनचा पराभव केला. म्हातारपणी, तुमची रणांगणावरची सर्वोत्तम कामगिरी कोणती असे विचारल्यावर त्याने वॉटर्लूचे नाव घेतले नाही, असईचे घेतले, असे सांगतात. १८२८ साली तो इंग्लंडचा पंतप्रधान झाला. आणि १५ सप्टेंबर १८३० रोजी, असईच्या लढाईनंतर सत्तावीस वर्षांनी, तो लिव्हरपूल–मँचेस्टर लोहमार्गाच्या उद्घाटनाला गेला. कापसाचे बंदर आणि कापडाचे शहर यांना जोडणारा हा मार्ग होता. वाफेच्या गाड्यांनी दोन शहरांमध्ये उतारूंची नियमित वाहतूक करणारा असा मार्ग जगात पूर्वी झाला नव्हता.

त्या दिवशीच्या प्रवाशांत फॅनी केंबल नावाची एक तरुण नटी होती. तिने पुढे आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांत ती सांगते की, गाडी मँचेस्टरला पोहोचली तेव्हा संतापलेल्या गर्दीने तिचे स्वागत केले. त्या गर्दीच्या डोक्यांवर, उंच जागी, एक हातमाग उभारलेला होता आणि त्या मागावर फाटक्या वस्त्रांतला, उपासमारीने खंगलेला एक विणकर बसवलेला होता. यंत्राच्या विजयोत्सवात तो आपला निषेध मांडत होता. ड्यूक गाडीतून खालीसुद्धा उतरला नाही.

वाचकहो, हे चित्र मनातून जात नाही. आपल्या जिल्ह्यातील एका खेड्यात ज्याने साम्राज्याचा पाया घातला, त्या सेनापतीचे स्वागत साम्राज्याच्या सर्वांत श्रीमंत कारखानदारी शहरात एका उपाशी विणकराने करावे, यात मोठा अर्थ भरलेला आहे. आपण समजतो की एकीकडे इंग्लंड आणि दुसरीकडे हिंदुस्थान. एक लुटणारा, दुसरा लुटलेला. ते खोटे नाही. परंतु मँचेस्टरचा तो विणकर कोणत्या बाजूचा?

त्याची कहाणी थोडक्यात अशी. १८०० च्या सुमारास इंग्लंडमधील बोल्टनसारख्या गावी कसबी हातमाग विणकराला आठवड्यास वीस-पंचवीस शिलिंग मिळत. सुताच्या गिरण्या वाढल्या होत्या आणि सूत विणायला हात पुरत नव्हते. १८३० पर्यंत तीच मिळकत पाच-सहा शिलिंगांवर आली. त्या काळात ब्रिटनमध्ये कापसाचे कापड विणणारे सुमारे अडीच लाख हातमाग विणकर होते. पुढील दोन-तीन दशकांत यंत्रमागाने त्यांना जवळजवळ नामशेष केले. त्याआधी, १८११ पासून, काही कारागिरांनी यंत्रे फोडली, तेव्हा १८१२ साली यंत्र फोडणाऱ्यास फाशीची शिक्षा ठेवणारा कायदा झाला. त्यांच्या बंदोबस्तासाठी नेमलेले बारा हजार सैन्य हे वेलस्लीने १८०८ साली पोर्तुगालला नेलेल्या सैन्यापेक्षा मोठे होते. १८१९ साली मँचेस्टरच्या सेंट पीटर मैदानात मताधिकार मागण्यासाठी जमलेल्या निःशस्त्र लोकांवर घोडदळ घालण्यात आले. त्या लोकांत विणकर पुष्कळ होते. वॉटर्लूच्या नावावरून लोकांनी त्या कत्तलीला 'पीटर्लू' असे कडवट नाव दिले.

यंत्रे शोधणारे तरी कोण होते? जेम्स हारग्रीव्ह्ज हा स्वतः विणकर. त्याच्या सूतकताईच्या यंत्रांची शेजाऱ्यांनी मोडतोड केली आणि त्याला गाव सोडावे लागले. सॅम्युअल क्रॉम्प्टन हाही विणकाम-कताई करणाऱ्या घरातला. त्याने १७७९ साली असे यंत्र सिद्ध केले की हिंदुस्थानी मलमलीच्या तोडीचे तलम सूत त्यावर निघू लागले. गिरणीमालक त्याच्या यंत्रावर गबर झाले. पार्लमेंटने १८१२ साली त्याला पाच हजार पौंड दिले, तरी १८२७ साली तो गरिबीतच मरण पावला. तेव्हा कारागीर आणि यंत्र हे जन्मतः वैरी नव्हेत. यंत्रही कारागिराच्याच बुद्धीचे लेकरू आहे. वैर कोठेतरी नंतर उत्पन्न झाले.

आता आपल्या देशाकडे वळू. इंग्लंडचा कापडधंदा निव्वळ यंत्राच्या जोरावर वर आला, हे अर्धसत्य आहे. आपल्याकडचे छापील सुती कापड तिकडे इतके खपू लागले होते की १७०० आणि १७२१ साली कायदे करून इंग्लंडने त्याला अटकाव केला. ज्या देशाने स्वतःच्या विणकरासाठी दारे लावून घेतली, त्याच देशाने पुढे, सत्ता हाती आल्यावर, आपल्या दारांना कडी राहू दिली नाही. १८९६ साली हिंदुस्थानातील गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसविण्यात आला, तो लँकेशरच्या गिरणीमालकांचे समाधान व्हावे म्हणून. तो १९२६ पर्यंत पुरता गेला नाही. शर्यत घ्यायची, नियमही आपणच ठरवायचे आणि वर विजयाला गुणवत्ता म्हणायचे, हा अन्याय होता. त्याला अन्यायच म्हटले पाहिजे.

येथे एक सावधगिरी हवी. इंग्रजांनी डाक्क्याच्या विणकरांचे अंगठे तोडले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कंपनीचाच एक माजी नोकर विल्यम बोल्ट्स याने १७७२ साली जे लिहिले आहे ते वेगळे आहे. बंगालमध्ये रेशीम उकलणाऱ्या कारागिरांनी, कंपनीच्या माणसांची सक्ती असह्य होऊन, आपले अंगठे आपणच तोडून घेतले, असे तो सांगतो. विचार करू जाता ही हकिगत ऐकीव कथेहून अधिक अंगावर येते. ज्या हाताने भाकरी मिळायची, तो हातच माणसाला शत्रू वाटू लागला.

शिवाय विणकरांच्या हानीची चर्चा करताना आपण सूत कातणाऱ्या स्त्रियांना विसरतो. विलायती व पुढे देशी गिरणीचे सूत घेऊन अनेक कोष्टी, साळी, मोमीन विणकरांनी आपले माग चालू ठेवले. हातमाग आजही आपल्या देशात आहे. पण घरोघरी चरख्यावर सूत कातून दोन पैसे मिळवणाऱ्या बायकांचा धंदा जवळजवळ संपूर्ण बसला. त्यात विधवा होत्या, परित्यक्ता होत्या. त्यांचा मोर्चा निघाला नाही, त्यांच्यासाठी कोणी उंच जागी चरखा उभारला नाही.

आणि आपली काळी माती? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड-खानदेशाकडे वळली. कापसाचे भाव आकाशाला भिडले. युद्ध संपताच ते कोसळले. चढत्या भावाच्या भरवशावर उचललेली कर्जे शिल्लक राहिली. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यामागच्या कारणांपैकी हे एक होते. आपले जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते, पण बाजाराला सरहद्द नसते. १९०० च्या सुमारास हैदराबाद–मनमाड लोहमार्ग आला आणि जालन्याचा कापूस थेट जगाच्या तराजूत पडू लागला. 'जालना सोन्याचा पाळणा' असे लोक म्हणत. पाळण्याची दोरी मात्र दूरच्या कोणाच्या हाती होती.

त्याच कापूस-दुष्काळातील एक प्रसंग मात्र माझ्या दृष्टीने सोन्याचा आहे. अमेरिकेतील कापूस गुलामांच्या श्रमावर पिकत होता. तो थांबल्याने मँचेस्टरचे हजारो कामगार उपाशी होते. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा भरवून त्यांनी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना पत्र पाठविले, गुलामगिरी नष्ट करण्याच्या कामास पाठिंबा दिला. पुढच्याच महिन्यात लिंकन यांनी कृतज्ञतेने उत्तर धाडले. स्वस्त कापूस हवा की न्याय हवा, अशी निवड समोर आली तेव्हा भुकेल्या माणसांनी न्याय निवडला. 'बाजारापुढे कोणाचे काही चालत नाही' असे म्हणणाऱ्यांनी हा दिवस स्मरणात ठेवावा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोष कुणाचा? तीन उत्तरे संभवतात.

पहिले उत्तर : दोष परकी सत्तेचा. हे खरे आहे, पण अपुरे आहे. मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण घ्या. कावसजी दावर यांनी १८५४ साली कंपनी स्थापून पहिल्या गिरणीचा पाया घातला. यंत्रे विलायती, पण मालक देशी आणि कामगार देशी. त्या गिरण्यांतून गिरणगाव उभे राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यांतील बहुसंख्य पुन्हा यंत्रासमोर उभे राहू शकले नाहीत. तेव्हा तर राज्य आपलेच होते. मँचेस्टर-लँकेशरच्या गिरण्याही विसाव्या शतकात एकामागून एक बंद पडल्या. ज्यांच्यामुळे हातमाग गेला त्यांचे यंत्रमागही गेले. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी लँकेशरमध्ये डार्वेनला गेले. त्यांच्या परदेशी कापडावरील बहिष्काराने तेथील कामाला फटका बसला होता. तरी गिरणी कामगारांनी, विशेषतः स्त्रियांनी, त्यांचे हर्षभराने स्वागत केले. दुःखाला दुःखाची ओळख लवकर पटते.

दुसरे उत्तर : दोष यंत्राचा. येथे आजींचे वाक्य आडवे येते आणि ते योग्यच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गांधीजींच्या यंत्रविरोधावर हाच आक्षेप घेतला होता. यंत्रामुळे माणसाला उसंत मिळते, उसंतीतून संस्कृती फुलते. दोष यंत्राचा नाही, तर त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांचे म्हणणे. आपण कारागिरीचे गोडवे गातो तेव्हा विसरतो की आपल्या देशात कारागिरी जातीला बांधलेली होती. दोर वळणाऱ्याच्या मुलाने दोरच वळायचा, असा तो नियम. पिळातले कौशल्य देवाने दिलेले होते. पीळ देणाऱ्याला अंगणाबाहेर उभे करणारी रीत मात्र माणसाने घातलेली होती. ती मोडली याचे दुःख करणे म्हणजे साखळीच्या घडणीचे कौतुक करताना तिच्यातल्या पायाला विसरणे होय.

तिसरे उत्तर : दोष विकत घेणाऱ्याचा, म्हणजे तुमचा-माझा. हे उत्तर आपल्याला आवडत नाही, म्हणून त्याकडे नीट पाहिले पाहिजे. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हाला 'परतफेड' हे प्रकरण होते. संत थॉमस अक्वायनस तेथे एक मार्मिक भेद करतात. परतफेडीचे बंधन दोन कारणांनी येते. एक, घेण्याच्या कृतीमुळे : ज्याने अन्यायाने घेतले त्याने परत द्यावे. दुसरे, हाती असलेल्या वस्तूमुळे : ज्याने स्वतः चोरी केली नाही, पण दुसऱ्याची वस्तू ज्याच्यापाशी आहे, त्यानेही ती द्यावी. म्हणजे निरपराध माणूसही ऋणी असू शकतो.

यावर कोणी म्हणेल, विणकराचे गिऱ्हाईक ही काही विणकराची मालमत्ता नव्हती. स्वस्त कापड घेणे ही चोरी नव्हे. गरीब आईने मुलाला दोन सदऱ्यांऐवजी चार सदरे शिवले, तर तिने पाप केले काय? मुळीच नाही. म्हणून येथे काटेकोर अर्थाने परतफेड लागू होत नाही, हे मी मान्य करतो. तथापि त्याच कुळातले एक कर्तव्य येथे निश्चित उत्पन्न होते. कापड स्वस्त झाले याचा लाभ हजारोंना थोडा थोडा मिळाला. त्याची किंमत मात्र थोड्यांनी, आणि त्यांनी आपल्या सर्वस्वानिशी, चुकती केली. लाभ सगळ्यांनी वाटून घ्यायचा आणि भार एकट्याच्या डोक्यावर ठेवायचा, यात अन्याय आहे. तो अन्याय वस्तू विकत घेण्यात नाही. घेतल्यानंतर त्या माणसाकडे पाठ फिरवण्यात आहे.

हाच मला सापडलेला दुवा. नातवाचा प्रश्न आणि आजीचे उत्तर एकमेकांना छेद देत नाहीत. धंदा गेला यात अन्याय असेलच असे नाही. कधी कधी तो जाणेच इष्ट असते. पण धंद्याबरोबर माणूसही टाकून दिला, तर तो अन्याय आहे. मग टाकणारा गोरा असो, काळा असो, मालक असो की गिऱ्हाईक.

पवित्र शास्त्र याविषयी आश्चर्यकारकपणे व्यवहारी आहे. अनुवादाच्या ग्रंथात कर्जापोटी कोणाचे जाते वा जात्याची तळी गहाण ठेवून घेण्यास मनाई आहे. कारण तसे करणे म्हणजे त्याचे जीवनच गहाण ठेवून घेणे. हत्यार हे माणसाच्या जगण्याचा भाग आहे. बेन सिराच्या ग्रंथात नांगरणारा, मुद्रा कोरणारा, लोहार, कुंभार यांची वर्णने आहेत. सभेत त्यांना मानाचे आसन मिळत नाही, पण त्यांच्यावाचून नगर वसणार नाही, असा तेथील भाव आहे. आपला प्रभू स्वतः सुताराच्या घरी वाढला.

तरीही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की ख्रिस्तसभेच्या तोंडून हा विचार कारखानदारीच्या युगाला उद्देशून स्पष्टपणे येण्यास उशीर झाला. १८८९ साली लंडनच्या गोदी कामगारांच्या संपात कार्डिनल मॅनिंग यांनी वृद्धापकाळी मध्यस्थी केली. पोप तेरावे लिओ यांचे 'रेरुम नोव्हारुम' हे विश्वपत्र १५ मे १८९१ चे. मँचेस्टरच्या त्या विणकरानंतर एकसष्ट वर्षांनी ते आले. तो विणकर ते वाचायला उरला नसणार. उशिरा आले तरी ते भक्कम आले : न्याय्य वेतन, संघटनेचा हक्क आणि श्रम ही केवळ क्रयवस्तू नव्हे हा विचार. १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी 'लाबोरेम एक्झेर्चेन्स'मध्ये सांगितले की श्रम माणसासाठी आहेत, माणूस श्रमासाठी नाही. यंत्र माणसाचे मित्र असते, पण त्याची जागा हिरावून ते शत्रूही होऊ शकते. आणि मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप चौदाव्या लिओंनी आपल्या नावाचे कारण सांगताना तेराव्या लिओंचे स्मरण केले आणि आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्रांतीचा उल्लेख केला. उद्या हिशेबनीस, लेखनिक, भाषांतरकार यांच्या हातातील हत्यारेही कोनाड्यात जातील. या वेळी तरी आपण एकसष्ट वर्षे थांबू नये.

आपल्यापुढे कोणते कर्तव्य आहे? मोठी उत्तरे शासनाने द्यावीत : जाणाऱ्या धंद्यातील माणसाला नवे शिक्षण, मधल्या काळात आधार, कारखान्यात सुरक्षितता. ज्या भट्टीपाशी आजींचा नातू उभा राहतो, त्याच भट्टीपाशी बिहार-उत्तर प्रदेशाहून आलेली पोरे उभी आहेत. त्यांच्या सळईने आपली घरे आणि आपली चर्चे उभी राहतात. ती पोरे कोठे निजतात, त्यांना पायात धड बूट आहेत की नाहीत, हे आपण विचारले पाहिजे. छोटी उत्तरे मात्र आपल्या घरात आहेत. येथे मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या चर्चमधील लाकडी बाके मोडकळीस आली. धर्मग्रामात एक सुतार आहे. हात चांगला आहे, पण काम नाही. बाके दुरुस्त करून देतो असे तो म्हणाला होता. मी हिशेब केला. प्लॅस्टिकच्या खुर्च्या निम्म्याहून कमी खर्चात येत होत्या, एकावर एक रचून ठेवता येत होत्या. मी खुर्च्या आणल्या. पैसा लोकांचा होता, तो वाचवणे माझे कर्तव्य होते. त्या निर्णयात मला आजही चूक वाटत नाही. परंतु मी त्या सुताराकडे गेलो नाही. काम का दिले नाही हे त्याला सांगितले नाही. दुसरे काही काम आहे का, हे पाहिले नाही. त्याच्या मुलाच्या शिक्षणाची चौकशी केली नाही. वाचलेल्या पैशातला एक छदामही त्याच्या वाट्याला जावा असे माझ्या मनात आले नाही.

त्यानंतर १ मे आला, श्रमिक संत योसेफचा सण. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली तो सुरू केला. संत योसेफच्या हातातील करवतीला आम्ही फुले वाहिली. मी श्रमाच्या प्रतिष्ठेवर प्रवचन दिले. शेवटच्या रांगेत एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तो सुतार बसला होता. त्याने माझी तक्रार कोणापाशी केली नाही. मिस्सा संपल्यावर 'जय येशू, फादर' म्हणून तो घरी गेला.

वेलिंग्टन गाडीतून खाली उतरला नाही, याबद्दल मी पुष्कळ वर्षे त्याला मनोमन दोष देत आलो होतो. त्या दिवशी माझ्या लक्षात आले की वेदीवरून शेवटच्या रांगेपर्यंतचे अंतर मीही चालून गेलो नव्हतो.

पुढे मी त्याच्या घरी गेलो. झाल्या गोष्टीचे कारण सांगितले, उशीर झाल्याबद्दल क्षमा मागितली. वाचलेल्या पैशातून काही रक्कम काढून त्याच्या मुलाच्या तंत्रशिक्षणाला हातभार लावावा, असा ठराव धर्मग्राम समितीने एकमताने केला. ही काही मोठी गोष्ट नव्हे, आणि हे दानही नव्हे. ते ऋण होते, आणि ऋणाचा एक हप्ता फेडला इतकेच.

आजींच्या नातवाला मी आता उत्तर देऊ शकतो. बाळा, नायलॉनचा दोर घेतलास यात तुझा दोष नाही. तुझ्या आजीला दारात उभे राहावे लागत नाही याचा आनंद मान. पण कोनाड्यातली ती फिरकी तिथेच राहू दे. काही स्वस्त मिळाले की तिच्याकडे एकदा बघ आणि स्वतःला विचार : हे स्वस्त झाले त्याची उरलेली किंमत कोणी दिली? आणि तो आता कोठे आहे?